आलेखाची उलटतपासणी

तीन नेते, एक वृत्तालेख आणि बेरीज १९३ टक्के!

हा विक्रम २००९ सालचा, शिकागोतल्या फॉक्स वाहिनीच्या नावावर. रिपब्लिकन पक्षातल्या कुठल्या इच्छुकाला तुमचा पाठिंबा, असा प्रश्न होता. सॅरा पेलिन ७०, माइक हकबी ६३, मिट रॉम्नी ६०. आता हे तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण एकाच माणसाला दोघं-तिघं पसंत असायला कोणाची हरकत? पण वृत्तालेख म्हणजे एकाच थालीपिठाचे तुकडे. एकाला जास्त वाढलं की दुसऱ्याचं कमी होणारच. इथं साधे तीन स्तंभ उभे केले असते तर कोणी हसलं नसतं. वाहिनीने गोल काढला, तीन रंग भरले आणि पडद्यावर सोडून दिला.

सातवीच्या वर्गात हे चित्र फळ्यावर लावा आणि गप्प बसा. मिनिटभरात कोणीतरी बेरीज करतं, आणि मग जो गलका होतो तो आवरता आवरत नाही. मोठ्यांच्या चुका पकडण्याइतका आवडता खेळ मुलांना दुसरा नाही. आलेख शिकवायला हे भांडवल भरपूर आहे. आपण ते वापरत मात्र नाही. आपल्याकडे आलेख म्हणजे हमखास गुणांचा प्रश्न: आलेख कागद घ्या, पेन्सिलीला टोक करा, दोन अक्ष काढा, उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहा, स्तंभांची रुंदी सारखी ठेवा. झाले गुण! काढायला शिकवतात सगळे. हा कोणी काढला, कशासाठी काढला आणि काढताना काय वगळलं, हे विचारायला शिकवणारा तास वेळापत्रकात शोधून सापडायचा नाही.

म्हणून ही काही मासलेवाईक प्रकरणं. सगळी खरी, आणि बहुतेक वर्गात नेण्याजोगी.

मुळाशी नागमोडी रेघ

आपल्या शालेय गणितात एक फार सज्जन रिवाज आहे. अक्षावरचे आकडे शून्यापासून सुरू होत नसतील तर मुळाशी छोटीशी नागमोडी खूण करायची. ‘मधला भाग दुमडून ठेवला आहे, मंडळी’ असा कबुलीजबाबच तो. मुलांना ती खूण म्हणजे उगाच कटकट वाटते. तिची किंमत कळायला टीव्ही बघावा लागतो.

२०१२ साली अमेरिकेत जुन्या करसवलती संपल्या तर काय होईल, हे दाखवायला फॉक्स बिझनेसने दोन स्तंभ उभे केले. आत्ताचा सर्वोच्च दर ३५ टक्के, पुढचा ३९.६. म्हणजे वाढ ४.६ टक्के-बिंदूंची. पण उभा अक्ष सुरू केला ३४ पासून! मग पहिल्या स्तंभाची उंची उरली १ आणि दुसऱ्याची ५.६. डोळ्यांना दिसलं ते असं, की कर पाचपटीहून जास्त होणार. आकडे खरे, स्तंभांच्या टोकांवर छापलेलेसुद्धा. नागमोडी खूण तेवढी नाही.

मुलांच्या हाती पट्टी द्या आणि स्तंभ मोजायला लावा. उंचीचं गुणोत्तर एकीकडे, आकड्यांचं दुसरीकडे. दोन्ही जुळली तर आलेख सरळ, नाही जुळली तर वाकडा. एडवर्ड टफ्टी या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात या तफावतीचं रीतसर मापच करून दिलं. चित्रातला फरक भागिले आकड्यातला फरक. १ आलं तर इमान शाबूत. त्याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्क टाइम्समधलं, १९७८ सालचं. मोटारींनी एका गॅलनमध्ये किती मैल धावावं याची सरकारी अट १८ वरून २७.५ होणार होती. वाढ ५३ टक्के. चित्रातल्या रेघा मात्र ७८३ टक्क्यांनी लांबल्या होत्या. भागाकार १४.८!

ही पट्टी घरीही चालते. समजा, कुठल्या क्लासच्या जाहिरातीत तीन वर्षांचे निकाल आहेत: ९१, ९३, ९६. खालची रेघ ९० वर आखली की स्तंभ होतात १, ३ आणि ६. सहापट प्रगती, प्रवेश सुरू!

मात्र ‘शून्यापासून नसेल तर फसवणूक’ असा मंत्र मुलांना घोकायला लावू नका. स्तंभाची लांबीच बोलते, म्हणून त्याला शून्य हवं. रेषालेखात चढउतार बोलतो. दवाखान्यातला तापाचा तक्ता शून्य अंश फॅरनहाइटपासून काढला तर १०४ ताप असलेला रुग्णही ठणठणीत दिसेल.

जन्मच भांडणातून

आकडेवारीचा पहिला ज्ञात आलेख कधीचा? साधारणपणे १६४४ कडे बोट दाखवतात. मायकेल व्हान लँगरेन या फ्लेमिश खगोलज्ञाला स्पेनच्या राजदरबाराला पटवायचं होतं, की रेखांश मोजण्याच्या चालू पद्धती भिकार आहेत आणि मला पैसे द्या. त्याने एक आडवी रेघ ओढली. स्पेनमधल्या टोलेडोपासून रोमपर्यंत रेखांशाचं अंतर किती, याचे १२ नामवंतांचे १२ अंदाज त्या रेघेवर नावानिशी मांडले. अंदाज इतके विखुरलेले, की मधल्या मोकळ्या जागेत त्याने ‘रोम’ असं लिहून टाकलं. खरी मजा पुढे आहे. खरं अंतर साधारण साडेसोळा अंश, आणि बाराच्या बाराही जणांचे अंदाज त्याहून मोठे! म्हणजे आलेखकलेचा श्रीगणेशाच ‘हे विद्वान चुकताहेत’ असं सांगण्यासाठी झाला. आलेखासमोर हात जोडून बसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

रेषालेख, स्तंभालेख आणि वृत्तालेख या आपल्या पाठ्यपुस्तकी त्रिमूर्तीचा जनक मात्र एकच, स्कॉटलंडचा विल्यम प्लेफेअर. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे हा नकाशे काढायला होता. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा आलेखसंग्रह छापला. सगळे रेषालेख, अपवाद एकच. स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीची त्याच्याकडे एकाच वर्षाची आकडेवारी होती. एका वर्षाची रेघ कशी ओढणार? नाइलाजाने देशागणिक पट्ट्या काढल्या. तोच हा स्तंभालेख, ज्याच्यावर आज अर्धं जग चालतं! वृत्तालेख आला १८०१ मध्ये. तुर्की साम्राज्याचा मुलूख आशिया, युरोप आणि आफ्रिकेत किती-किती, ते दाखवायला. एवढं सगळं देऊन हा गृहस्थ १८२३ मध्ये वारला तो कर्जात आणि विस्मृतीत.

गडचिरोलीचा डोंगर, मुंबईचा ठिपका

भिंतीवरचा नकाशाही आलेखच असतो, आणि त्याच्यावर आपला विश्वास अंमळ जास्तच. शाळेतल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड बघा. आफ्रिकेएवढं भासतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट. आणि आपला भारत, जो त्या नकाशात ग्रीनलंडपुढे किरकोळ दिसतो, तो खरं तर ग्रीनलंडच्या दीडपट आहे. दोष मर्केटरचा नाही. त्याने १५६९ साली हा नकाशा खलाशांसाठी केला. दिशा अचूक हव्या होत्या, म्हणून ध्रुवांकडचा भाग ताणला गेला. खलाशांची वस्तू वर्गाच्या भिंतीवर आपण टांगली.

आता घरचं उदाहरण. महाराष्ट्राचा जिल्हावार रंगवलेला कुठलाही नकाशा घ्या: लसीकरण असो, निकाल असो, साक्षरता असो. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. मुंबई उपनगर जिल्ह्याचं सुमारे साडेचारशे. नकाशात गडचिरोलीचा रंग तीसपटीहून जास्त जागा व्यापतो. पण २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत माणसं होती पावणेअकरा लाखांच्या आत आणि उपनगरात साडेत्र्याण्णव लाख. माणसांचा नकाशा समजून आपण जंगलाचा नकाशा वाचत असतो. मुलांना यावर उपाय विचारा. कोणी म्हणेल, दर लाख माणसांमागे एक ठिपका द्या. कोणी म्हणेल, जिल्हेच फुगवा आणि आकसवा. दोन्ही तऱ्हेचे नकाशे भूगोलतज्ज्ञ खरोखर काढतात.

जे काढलंच नाही

आता जरा गंभीर प्रकरण. २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर अंतराळयान उडणार होतं आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना काळजी वाटत होती, की सांधे बंद ठेवणारी रबरी कडी गारठ्यात ताठरतील. यापूर्वीचं सर्वांत गार उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सिअसला झालेलं. आता पारा गोठणबिंदूच्या आसपास जाणार होता. अभियंते उड्डाण थांबवा म्हणत होते. नासाकडून सवाल आला, पुरावा काय?

त्यांनी कागद दाखवले. पण चर्चा घुटमळली ती ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांच्याभोवतीच. अशी उड्डाणं सात. त्यांत काही गार हवेतली, काही उबदार. त्यावरून तापमानाचा संबंध आहे असं ठाम म्हणता येईना. वगळलं काय? इजा न झालेली उड्डाणं! तीच आलेखात घातली की चित्र लख्ख होतं. चौकशी आयोगाने नंतर ते काढून दाखवलं. कड्यांचं तापमान १८ अंशांच्या खाली असलेली चार उड्डाणं, आणि चारही वेळा इजा. १८ अंशांच्या वरची २०, त्यांपैकी इजा फक्त तिनांत. यान उडालं, ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले.

हे दोन आलेख मुलांना एकापाठोपाठ दाखवावेत. आधी सात ठिपके, ‘तुम्ही उड्डाण करू द्याल का?’ मग बाकीचे ठिपके. वर्गातली कुजबुज थांबते, एवढं नक्की. मग सावकाश सांगावं, की त्या रात्री निर्णयाला दडपणं इतरही होती. एका चांगल्या आलेखाने सगळं वाचलं असतं असं छातीठोकपणे म्हणणंही घाईचं आहे.

याच जातीची दुसरी गोष्ट अब्राहम वाल्ड यांची. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या बॉम्बफेकी विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे-कुठे आहेत ते मोजलेलं होतं. जिथं भोकं जास्त तिथं चिलखत घाला, असं कोणीही म्हणेल. कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्र गटात काम करणाऱ्या वाल्ड यांनी उलटा विचार मांडला: इंजिनाला गोळी लागलेली विमानं परत येतच नाहीत, म्हणून तिथली भोकं मोजणीत दिसत नाहीत. लाल ठिपक्यांनी भरलेल्या विमानाचं चित्र यासोबत हमखास फिरतं. व्हॉट्सअॅपवर तुम्हालाही आलं असेल. ते वाल्ड यांचं नाहीच! अलीकडच्या काळात समजावण्यासाठी कोणीतरी काढलेलं आहे, ठिपके काल्पनिक. ‘जे दिसतं त्यावर विसंबू नका’ सांगणारं चित्रच न विचारता पुढे ढकललं जातं. वाल्ड यांचा शेवट मात्र आपल्याकडे झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आले असताना, डिसेंबर १९५० मध्ये, निलगिरीच्या डोंगरात त्यांचं विमान कोसळलं.

नेपोलियनला थंडीने मारलं?

जगातला सर्वोत्तम आलेख कुठला, या प्रश्नाला बरेच जाणकार एकच नाव सांगतात: शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी काढलेला नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा नकाशा. एक पट्टी पोलंडच्या सीमेवरून मॉस्कोकडे निघते. जाडी म्हणजे सैनिक, एका मिलिमीटरला दहा हजार. सुरुवातीला ४,२२,००० माणसांएवढी रुंद, परतताना काळी, बारीक होत-होत शेवटी १०,००० ची सुतळी. खाली तापमानाची रेघ, उणे ३० पर्यंत घसरणारी.

पहिला बाउन्सर इथेच. ते उणे ३० सेल्सिअस नव्हे, रेओमूर अंश आहेत. सेल्सिअसमध्ये उणे साडेसदतीस. एकक वाचल्याशिवाय थंडी वाजून घेऊ नये!

दुसरा प्रश्न अधिक बोचरा. हा आलेख पाहून सगळेच म्हणतात, रशियाच्या हिवाळ्याने फ्रेंच फौज गिळली. नीट मोजा. मॉस्कोला पोचली तेव्हाच पट्टी १,००,००० वर आली होती, आणि तो होता सप्टेंबर. वाटेत काही तुकड्या बाजूला वळल्या त्या वजा करूनही फौजेचा बहुतांश भाग बर्फाचा कण पडण्याआधीच संपला होता. उन्हाळा, उपासमार, रोगराई, पळून जाणारे सैनिक. मग थंडीचंच नाव का निघतं? कारण मिनारने तापमानाची रेघ फक्त परतीच्या वाटेखाली काढली आहे. जाताना किती ऊन होतं ते आलेखात नाहीच. सर्वोत्तम आलेखसुद्धा बोट दाखवतो, आणि आपण बोटाच्या दिशेने बघतो. माझ्या मते आठवी-नववीच्या इतिहासाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून दोन तास या एकाच कागदावर घालवावेत.

असाच एक पूजनीय कागद म्हणजे लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा १८५४ सालचा कॉलराचा नकाशा. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या खुणा केल्या, त्या एका हापशाभोवती गोळा झाल्या, हापशाचा दांडा काढला, साथ थांबली. गोष्ट झकास, पण तपशील खट्याळ. दांडा निघाला ८ सप्टेंबरला, नकाशा काढला त्यानंतर. आणि साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केलंय. त्यांचं डोकं दिसतं ते अपवाद तपासण्यात. हापशाशेजारच्या मद्याच्या कारखान्यातले कामगार का वाचले? ते पाणी पीतच नव्हते, बिअर प्यायचे! (हा पुरावा वर्गात सांगायचा की नाही, ते ज्या-त्या मुख्याध्यापकांनी ठरवावं.)

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण हातात दिवा घेतलेल्या परिचारिका म्हणून ओळखतो. त्यांच्या हातात कंपासपेटीही तितकीच शोभली असती. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८ साली पाकळ्यांच्या आलेखातून दाखवलं. निळा रंग रोगांचा, लाल जखमांचा. त्याच साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्य करून घेतलं, पहिल्या महिला सदस्य म्हणून. भारतात त्या कधी आल्या नाहीत, पण इथल्या सार्वजनिक स्वच्छतेवर वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

उलटे, सुलटे, तिरके

आता भराभर.

२०१४ मध्ये रॉयटर्सने फ्लोरिडातल्या बंदुकीच्या बळींचा आलेख दिला. २००५ साली स्वसंरक्षणासाठी गोळी झाडण्याची मुभा देणारा कायदा आला आणि त्यानंतर रेघ धाडकन खाली. वा! कायद्याने खून कमी झाले? नाही, उभा अक्षच उलटा होता. शून्य वर, मोठे आकडे खाली. रेघ खाली म्हणजे बळी जास्त. काढणारीचा हेतू फसवण्याचा नव्हता. इराकमधल्या बळींच्या एका जुन्या गाजलेल्या आलेखासारखं वरून रक्त ओघळतंय असं तिला दाखवायचं होतं. हेतू चांगला आणि आलेख दिशाभूल करणारा, असंही असतं. मुलांना हे कळणं जास्त गरजेचं, नाही तर ती प्रत्येक आलेखामागे खलनायक शोधत बसतात.

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याने कोविडचा स्तंभालेख काढला. डावीकडून उजवीकडे रुग्ण सुरेख उतरत गेलेले. आडव्या अक्षावरच्या तारखा वाचल्या तर एप्रिल आणि मे एकमेकांत मिसळलेले! स्तंभ तारखांप्रमाणे नव्हे, उंचीप्रमाणे लावले होते. टीका झाल्यावर दुरुस्त केला.

२००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांच्या मागच्या पडद्यावर त्रिमिती वृत्तालेख झळकला. स्मार्टफोनच्या बाजारात ॲपलचा वाटा १९.५ टक्के, ‘इतर’ २१.२. पण गोल मागे कलवला होता आणि ॲपलची फोड पुढे होती, त्यामुळे तीच मोठी दिसत होती. जवळचं मोठं दिसतं, एवढंच त्यातलं तंत्र. २०१३ मध्ये टिम कुक यांनी आयफोनच्या एकूण विक्रीची चढती रेघ दाखवली. चढतीच असणार, कारण ती आजवरच्या सगळ्या विक्रीची बेरीज होती. बेरजेची रेघ कधी उतरलेली पाहिलीय? मुलांना सांगा, आपल्या आजवरच्या गृहपाठाच्या पानांचा असा आलेख काढा. सगळ्यात आळशी मुलगाही प्रगतिपथावर दिसेल.

करकोचे, चॉकलेट आणि एक विश्वासघात

युरोपात लहान मुलांना सांगतात, बाळ करकोचा आणून देतो. रॉबर्ट मॅथ्यूज यांनी २००० साली १७ युरोपीय देशांतल्या करकोच्यांच्या जोड्या आणि तिथले जन्म ताडून पाहिले. संबंध चक्क दणदणीत निघाला! कारण सोपं: देश मोठा, तर करकोचेही जास्त आणि माणसंही. २०१२ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात डॉ. फ्रान्झ मेसर्ली यांनी चॉकलेटचा खप आणि लोकसंख्येच्या प्रमाणात नोबेल पारितोषिकं यांचा आलेख छापला. वर कोण? स्वित्झर्लंड. टायलर व्हिजेन या अमेरिकी तरुणाने तर २०१४ पासून असल्या जोड्यांचा खजिनाच उघडला: चीजचा खप आणि चादरीत गुरफटून मेलेली माणसं, दोन्ही रेघा हातात हात घालून. अशी जोडी बघताच ‘तिसरं कोण?’ हा प्रश्न मुलांच्या ओठांवर यायला हवा. दोन्ही रेघांना ओढणारं तिसरं काहीतरी, किंवा निव्वळ योगायोग.

या प्रांतातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट डॅरेल हफ यांची. आकडेवारीने खोटं कसं बोलावं, हे शिकवणारं (म्हणजे अर्थात ते ओळखायला शिकवणारं) त्यांचं १९५४ सालचं पुस्तक जगभर खपलं. आलेखांच्या लबाड्या सामान्य वाचकाला कळल्या त्या त्यातूनच. हेच हफ १९६५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे उभे राहिले आणि धूम्रपानाचा रोगांशी जोडलेला संबंध कसा कच्चा आहे ते सांगू लागले. कोणाच्या वतीने? तंबाखू उद्योगाच्या. उदाहरणाला करकोचेही आणले! प्रश्न विचारण्याची कला अशी भाड्यानेही मिळते. ‘कशावरच विश्वास नाही’ म्हणणारा विद्यार्थी हा ‘सगळ्यावर विश्वास’ म्हणणाऱ्याइतकंच सोपं सावज असतो.

सरासरी गाठली!

‘पावसाने सरासरी गाठली’ हे वाक्य आपण दरवर्षी वाचतो, आणि त्याच पानावर दुबार पेरणीची बातमीही वाचतो. चार महिने रिमझिम असो, नाही तर जूनअखेर आणि सप्टेंबरात दोन वेळा ढगफुटी आणि मधे ऊन, बेरीज तीच, सरासरी तीच. रोजचा आलेख काढल्याशिवाय दोन्हींतला फरक दिसणार नाही.

फ्रान्सिस अॅन्सकोम यांनी १९७३ साली हेच अकरा-अकरा ठिपक्यांच्या चार संचांनी दाखवलं. चारही संचांची सरासरी तीच, विखुरणं जवळपास तेच, परस्परसंबंध ०.८१६. आलेख काढला की एक तिरकी रेघ, एक कमान, एकात एकच ठिपका रांग सोडून पळालेला, आणि एकात सगळे उभ्या ओळीत, फक्त एक लांब कोपऱ्यात. २०१६ मध्ये अल्बर्टो कैरो यांनी गंमत म्हणून ठिपक्यांचा डायनॉसॉर काढला. पुढच्या वर्षी दोन संशोधकांनी त्याचे ठिपके हळूहळू सरकवत तारा, वर्तुळ, फुली अशी बारा चित्रं केली, सरासरी वगैरे पहिल्या दोन दशांश स्थळांपर्यंत जशीच्या तशी. नुसते आकडे वाचणाऱ्याला यात डायनॉसॉर कुठला ते कळणं अशक्य!

सरासरीची रेघ कुठे ओढायची, यावर एक मोठा मराठी वादही झालाय. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. सरासरी गरजेहून कमी उष्मांक मिळाले की माणूस उपाशी, असं मोजणं त्यांना चूक वाटे. सगळ्यांचीच गरज सारखी नसते आणि एकाच माणसाची रोज सारखी नसते. सरासरीखाली तर निम्मी निरोगी माणसंही येतील. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांच्या मांडणीवर कडक टीका केली. रेघ थोडी वर-खाली सरकली की कोट्यवधी माणसं उपाशी ठरतात किंवा पोटभर जेवलेली ठरतात. गरिबीचा कुठलाही आलेख समोर आला की आधी ती आडवी रेघ कोणी आखली ते शोधावं, हे या वादामुळे पुण्यातल्या अभ्यासकांच्या अंगवळणी पडलं असावं.

वर्गात काय करायचं?

न्यूयॉर्क टाइम्स आणि अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन यांनी २०१७ पासून शाळांसाठी एक उपक्रम चालवलाय. छापून आलेला एक आलेख द्यायचा, काही मजकूर काढून टाकून. प्रश्न साधे: काय दिसतंय? काय प्रश्न पडतोय? तुमच्याशी, तुमच्या गावाशी याचा काय संबंध? आणि शेवटी, याला झणझणीत मथळा द्या. ‘बरोबर उत्तर’ मागायचंच नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे पडदा हळूहळू उघडण्याची. आधी नुसत्या रेघा, मग आडवा अक्ष, मग उभा, सर्वांत शेवटी शीर्षक. प्रत्येक टप्प्यावर अंदाज बदलायचा. ज्यांचं गणित कच्चं ती मुलंही इथं हिरिरीने बोलतात, कारण अजून चूक ठरायला काही नाहीच.

हान्स रोझलिंग या स्वीडिश डॉक्टरांनी जगाच्या आरोग्याचे बुडबुडे पडद्यावर नाचवले आणि २००७ च्या भाषणाच्या शेवटी खरोखरची तलवार गिळून दाखवली. अशक्य वाटतं ते शक्य असतं, हे पटवायला! तरुणपणी, १९७२ मध्ये, ते बंगळुरूच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला आले होते आणि भारतीय विद्यार्थी आपल्यापेक्षा पुढे आहेत हे पाहून चपापले होते. शिक्षकांनी तलवार गिळण्याची गरज नाही. रेल्वे आहे की.

आपल्या रेल्वेत सेक्शन कंट्रोलर ज्याच्यावर गाड्या चालवतो, तो कंट्रोल चार्ट म्हणजे अस्सल आलेख. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानकं. प्रत्येक गाडी एक तिरकी रेघ. रेघ जितकी खडी तितकी गाडी वेगात. आडवी झाली म्हणजे थांबली. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर. आठवीच्या मुलांना वेळापत्रक द्या आणि डेक्कन क्वीन काढायला सांगा. मग विचारा, कर्जतला रेघ आडवी का? (घाट चढायला मागून इंजिनं जोडतात.) आणि पुढे लोणावळ्यापर्यंत ती कलंडते का?

जमलं की कोकण रेल्वे घ्या, जिचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. खालून येणारी एक रेघ, वरून येणारी एक. दोन्ही कुठेतरी छेदणारच. त्या एखाद्या स्थानकाच्या ओळीवर छेदल्या तर ठीक, एक गाडी बाजूच्या रुळावर थांबली आहे. आता एखाद्या मुलाने घाईघाईत वीर आणि खेडच्या मधल्या बोगद्यात दोन रेघांची फुली मारली असेल, तर त्याची वही सगळ्या वर्गाला दाखवा आणि विचारा: या गाडीने कोण-कोण गावाला चाललंय?